अक्षतांची कसोटी

लग्नाच्या फिल्ममध्ये संगणकाला सर्वांत जड कोणता प्रसंग जातो, असं विचारलं तर आमच्या धंद्यातले बहुतेक जण रात्रीची वरात सांगतील. माझं उत्तर अक्षता. मंगलाष्टकातल्या प्रत्येक ‘सावधान’ला मांडवभर तांदूळ उडतात आणि दर दाणा आपापल्या दिशेने जातो. व्हिडिओ दाबून लहान करणारं तंत्र मागच्या चित्रावरून पुढच्या चित्राचा अंदाज बांधत चालतं. नवरीचा चेहरा, अंतरपाट, मागचं फुलांचं डेकोरेशन यांत क्षणाक्षणाला फारसं काही बदलत नाही, म्हणून ते थोडक्यात साठवता येतं. उडत्या अक्षतांचा अंदाज बांधता येत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत चित्राचे चौकोन सुटे दिसू लागतात, शालूच्या काठावरची वेलबुट्टी पुसट होते. घरच्यांना मात्र नेमका तोच क्षण पुन्हा पुन्हा बघायचा असतो. म्हणून एखाद्या मशीनचा रेंडर किती वेगवान आहे हे तपासायला बसते, तेव्हा माझ्या चाचणीच्या फाइलमध्ये अक्षतांचा तुकडा असतोच.

मी जळगावात मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं संपादन, करते. सुरुवात केली तेव्हा मिनी डीव्हीच्या कॅसेट होत्या. तासाभराची कॅसेट फायरवायरने संगणकात घ्यायला तासच लागायचा आणि तिची फाइल १३ जीबीच्या आसपास भरायची. तिच्यावर टायटल, फुलांच्या फ्रेमा, गाणी चढवून डीव्हीडीसाठी एमपेग-२ काढायला अख्खी रात्र जायची. त्यात भारनियमन. पहाटे लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरीही बसली, की अर्धवट झालेली फाइल उघडायचीच नाही. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आम्ही सगळेच तुकड्यातुकड्याने रेंडर करायला शिकलो. हळद वेगळी, सीमांतपूजन वेगळं, लग्न वेगळं, शेवटी जोडणी. ही सवय मी आजही सोडलेली नाही. ज्यांना परवडायचं त्यांनी कॅनोपस किंवा मॅट्रॉक्सची कार्डं बसवली होती. ठरावीक काम ती कार्डं संगणकाच्या मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावरून उचलून घ्यायची, आणि त्या स्टुडिओत आम्ही नुसतं बघायला जायचो.

पुढे ही मदत अशा खास कार्डांतून निघून नेहमीच्या ग्राफिक कार्डात आणि प्रोसेसरमध्येच आली. २०१० साली अ‍ॅडोबीच्या प्रीमिअर सीएस५ या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांवर कुडा तंत्राने इफेक्ट चालू लागले. अधिकृत यादीतली कार्डं मोजकीच होती, तेव्हा यादीच्या त्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आपल्या स्वस्त कार्डाचं नाव हाताने लिहून पुष्कळांनी काम चालवून घेतलं. २०११च्या सुरुवातीला इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडणारं आणि दाबणारं क्विक सिंक आलं, २०१२ साली एनव्हिडियाच्या केप्लर कार्डांत व्हिडिओ दाबणारं एनव्हेंक आलं. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिप आणली, तिच्यातच व्हिडिओ उलगडणारा आणि दाबणारा भाग होता. या सगळ्याला बाजारात एकच नाव मिळालं, हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला असं माझं मत आहे. कारण या नावाखाली दोन निराळी कामं येतात.

एक काम ग्राफिक कार्डाच्या शेकडो-हजारो छोट्या गाभ्यांचं. रंग सुधारणं, चित्रातला दाणेदारपणा काढणं, एकावर एक थर बसवणं हे ते करतात. ते हवं ते गणित करू शकतात. दुसरं काम व्हिडिओ उलगडण्याचं आणि दाबण्याचं. त्यासाठी चिपमध्ये वेगळा, पक्का बांधलेला भाग असतो. हा भाग शेवयांच्या यंत्रासारखा आहे: शेवया भराभर पडतील, पण त्यातून कुरडई काढायची म्हटली तर निघणार नाही. ज्या प्रकारची फाइल त्याला शिकवलेली आहे तिचा तो फडशा पाडतो. शिकवलेली नसेल तर तो काम हातातच घेत नाही, आणि सगळा भार निमूटपणे मुख्य प्रोसेसरवर येऊन पडतो. पडद्यावर त्याची सूचनाही येत नाही. फक्त वेळ लागतो.

वेळ का लागतो हे कळायला थोडी आकडेमोड करावी लागते. फोरकेच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. साध्या आठ बिटांच्या रंगात ते न दाबता ठेवले तर एका चित्राला जवळपास २५ एमबी लागतात. सेकंदाला २५ चित्रं, तासाला ९० हजार. म्हणजे तासाभराच्या फिल्मचे सव्वादोन टेराबाइट होतील. ग्राहकाला आपण सेकंदाला २० मेगाबिटची फाइल देतो, ती तासाला ९ जीबी भरते. सुमारे अडीचशेपट दाबायचं, तेही आईच्या डोळ्यातलं पाणी दिसलं पाहिजे इतकं राखून. रेंडर म्हणजे हे सगळं: कॅमेऱ्याची दाबलेली फाइल उलगडायची, तिच्यावर इफेक्ट चढवायचे, पुन्हा दाबायची. या तीन पायऱ्यांत कुठली अडते हे कळल्याशिवाय “हे मशीन फास्ट आहे” या वाक्याला काही अर्थ नाही.

जिल्ह्यातले मिक्सिंगवाले मला विचारायचे, “ताई, कोणतं मशीन घेऊ?” लाखभर रुपयांचा प्रश्न असायचा, बहुतेकांचं कर्ज काढून. दुकानदार सांगतो ते आणि जाहिरातीत छापतात ते, यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. म्हणून मी एक कायमची चाचणी तयार केली आणि ती पोर्टेबल एसएसडीवर घेऊन ज्या ज्या स्टुडिओत काम निघेल तिथे चालवू लागले. वहीत नोंदी ठेवल्या. फाइलमध्ये चार तुकडे आहेत: हळदीचा दिवसाउजेडातला, अक्षतांचा, एलईडीच्या झगमगाटातल्या वरातीचा, आणि स्टेजवर उभं राहून आशीर्वाद देणाऱ्या माणसाचा, ज्यात हलत फारसं काही नाही. नियमही तितकेच कडक. सगळीकडे तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, तोच बिटरेट. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, कारण ग्राफिक कार्डाचे बरेच विंडोज लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर हात आखडता घेतात. पहिला रेंडर मोजायचा नाही; मशीन चांगलं तापल्यावर जो वेळ येईल तो लिहायचा. लग्नाच्या तिथीत काम तापलेल्या मशीनवरच होतं.

साधी फुल एचडी एच.२६४ फाइल घेतली तर निकाल जवळजवळ कंटाळवाणे निघाले. ज्या ज्या संगणकात दाबण्याचा पक्का भाग चालू होता ते सगळे एकमेकांच्या आसपास आले, मग तो इंटेलचा जुना आय७ असो की नवं महागडं कार्ड. केवळ प्रोसेसरवर काम करणारी मशीन मात्र कितीतरी मागे राहिली. नुसतं जोडकाम, थोडा रंग आणि फुल एचडीत डिलिव्हरी एवढंच काम असेल, तर कर्ज काढून मोठं कार्ड घेण्याची गरज नाही, हे मी तेव्हापासून ठामपणे सांगते.

खरी कसोटी पुढे होती. २०२० नंतर आमच्याकडे सोनी आणि कॅननचे मिररलेस कॅमेरे आले आणि मुलं दहा बिट ४:२:२मध्ये शूट करू लागली. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ छटा असतात, दहा बिटांत १०२४. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:०पेक्षा दुप्पट. हळद लागलेल्या अंगाचा रंग सुधारताना हे फार उपयोगी पडतं. पिवळ्याचे पट्टे पडत नाहीत. पण फाइल उलगडणं अवघड होऊन बसतं. चोपड्याच्या एका तरुण मिक्सरने रायझन ५०००च्या मालिकेतला प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड असं जोडलेलं मशीन घेतलं होतं. कागदावर उत्तम जोडी. एचईव्हीसी प्रकारात दाबलेली ४:२:२ची फाइल टाइमलाइनवर टाकली आणि चित्र अडखळायला लागलं. मी त्याला टास्क मॅनेजर उघडायला लावला. विंडोज १०मध्ये २०१७पासून तिथे ग्राफिक कार्डाचे भाग वेगवेगळे दिसतात: थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ डिकोड, व्हिडिओ एन्कोड. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, आणि व्हिडिओ डिकोडची रेषा जमिनीला चिकटलेली. तो म्हणाला, “ताई, कार्ड तर झोपलंय हो.”

झोपलेलं नव्हतं, त्याला ती फाइल उलगडता येत नव्हती. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, अंगभूत ग्राफिक असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एचईव्हीसीचं ४:२:२ आधीच चालत होतं. अ‍ॅपलच्या एम मालिकेतही चालतं. त्याच आठवड्यात भुसावळला बाराव्या पिढीच्या साध्या आय५वर, कुठलंही कार्ड नसताना, हीच फाइल सरळ चालताना मी पाहिली. निम्म्याहून कमी किमतीचं मशीन. त्या तरुणाला ते दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक नसतं. ग्राफिक नाही म्हणजे क्विक सिंक नाही. एफवाला थोडा स्वस्त पडतो, आणि “कार्ड घेतच आहात, मग कशाला जास्त पैसे” हा सल्ला गेम खेळणाऱ्या मुलाला अगदी बरोबर आहे. मिक्सिंगवाल्याला तो महागात जातो. आपल्याकडे एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे पुष्कळ आहेत, आणि एडियसच्या जुन्या आवृत्त्या एच.२६४ काढताना फक्त क्विक सिंकचीच मदत घ्यायच्या. शेजारी कितीही मोठं कार्ड असलं तरी त्या कामात ते बघ्याच्या भूमिकेत. एका अक्षरासाठी रोजचे तास जातात, आणि बिलावर ते अक्षर कुणी वाचत नाही.

मग मोठं कार्ड कधी लागतं? वरातीच्या तुकड्याने त्याचं उत्तर दिलं. रात्री आयएसओ वाढवून शूट केलेल्या चित्रात दाणे येतात, आणि ते काढायला टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावावं लागतं. ते आधीची-नंतरची चित्रं एकमेकांशी ताडून पाहतं. इथे पक्क्या भागाचा काही उपयोग नाही, इथे नुसती गणिताची ताकद लागते. मघाशी अडखळणारं चोपड्याचं मशीन या तुकड्यात सर्वांच्या पुढे गेलं आणि भुसावळचा आय५ धापा टाकू लागला. एम१ चिपचा मॅक मिनी उलगडण्यात आणि दाबण्यात सुरेख, पण नॉइज रिडक्शनमध्ये मोठ्या कार्डाच्या बरोबरीला आला नाही. एकाच आठवड्यात एकाच फाइलच्या दोन तुकड्यांनी क्रमवारी उलटी केली होती. ही नोंद मी अजून लोकांना दाखवते.

जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७मध्ये मांडलेला विचार इथे फार कामाचा आहे. समजा एका फिल्मच्या रेंडरला ६० मिनिटं लागतात: १० उलगडायला, ३५ इफेक्टला, १५ दाबायला. तुम्ही दाबण्याचा वेग तिप्पट करणारं यंत्र आणलंत, तर १५ची ५ होतील आणि एकूण ६०ची ५०. जाहिरात तिप्पट म्हणेल आणि ती खोटीही नसेल. तुमच्या घड्याळात मात्र दहा मिनिटं वाचतील. प्रत्यक्षात या पायऱ्या एकमेकींच्या अंगावरून चालतात, सगळ्यात संथ पायरी बाकीच्यांना थांबवून ठेवते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण विचार करायची दिशा हीच.

डिस्कबद्दलही असाच गैरसमज आहे. महागडी एनव्हीएमई एसएसडी घेतली की रेंडर धावेल असं वाटतं. कॅमेऱ्याची १०० मेगाबिटची फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मागते, तेवढं जुनी हार्ड डिस्कही देते. चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम एकाच हार्ड डिस्कवर असेल तर प्रश्न येतो, तिथे एसएसडी हवीच.

आता दर्जा. वेगाची तुलना करताना हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. दोन मशीनमधून निघालेल्या फाइली सारख्या नसतात. पक्का भाग घाईने निर्णय घेतो. प्रोसेसरवर सावकाश चालणारा एक्स२६४ त्याच बिटरेटमध्ये जास्त पर्याय पडताळून बघतो, म्हणून जास्त तपशील वाचवतो. आशीर्वाद देणाऱ्या माणसाच्या तुकड्यात दोघांत मला फरक शोधावा लागला. अक्षतांच्या तुकड्यात शोधावा लागला नाही. जुन्या क्विक सिंकच्या फाइलमध्ये तांदूळ विरघळून पांढरट धूर झाला होता, मागच्या भटजींच्या उपरण्याची किनार गायब होती. एनव्हिडियाने २०१८च्या ट्युरिंग पिढीत दाबण्याचा भाग बराच सुधारला, आणि ते डोळ्यांना दिसतं. दर्जा आकड्यात मोजायचीही सोय आहे. नेटफ्लिक्सने २०१६मध्ये व्हीमॅफ हे मोजमाप सगळ्यांसाठी खुलं केलं. मी ते वापरते, पण शेवटचा शब्द डोळ्यांचा मानते. आकडा पूर्ण फिल्मची सरासरी सांगतो, आणि लग्न सरासरीत बघत नाहीत.

यावर माझा उपाय सरळ आहे. ग्राहकाला पसंतीसाठी पाठवायची प्रत हार्डवेअरवर काढायची, दुरुस्त्या दोन-तीनदा होतातच. कायमची प्रत काढताना एक तर बिटरेट मोकळ्या हाताने वाढवायचा, म्हणजे दोघांतला फरक जवळजवळ मिटतो, नाही तर रात्रभर प्रोसेसरला लावायचं. फाइल मोठी झाली की आणखी एक भानगड येते: फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि गावाकडच्या जुन्या टीव्हीला दुसरा फॉरमॅट चालेलच असं नाही. तिथे पुन्हा तुकडेच कामी येतात.

जळगावच्या माणसाने उन्हाबद्दल न बोलून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४४-४५च्या पुढे जातो आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास कामाचा डोंगर असतो. खोलीचं तापमान जितकं वाढतं, चिपचंही साधारण तितकंच वाढतं. लॅपटॉपचे बरेच प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. जानेवारीत ज्या लॅपटॉपने माझ्या चाचणीत उत्तम वेळ दिला होता, तोच मेमध्ये, कूलर नसलेल्या खोलीत, स्पष्टपणे मागे पडला. पंखा नसलेला मॅकबुक एअरही लांब रेंडरमध्ये मंदावतो. पक्क्या भागाचा इथे मोठा फायदा आहे: तेच काम तो फार कमी विजेत करतो, म्हणून तापतही कमी. आमच्यासाठी हा गुण वेगाइतकाच मोलाचा आहे. दमट कोकणात किंवा पुण्याच्या गार हवेत घेतलेल्या आकड्यांवर खानदेशात मशीन निवडू नये, असं मी याच कारणासाठी म्हणते.

या सगळ्या वर्षांत मी पाहिलेली बहुतेक मशीन वाईट नव्हती. ती चुकीच्या कामाला जुंपलेली होती, आणि त्यांच्या मालकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. एव्ही१ या नव्या प्रकारात व्हिडिओ दाबणारे भाग २०२२पासून तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या ग्राफिक कार्डांत आले आहेत, त्यावरून पुन्हा नव्या जाहिराती सुरू आहेत. आपल्या ग्राहकाचा टीव्ही एव्ही१ चालवतो का, हे आधी विचारावं.

मशीन घ्यायला निघालात की आपल्याच कॅमेऱ्याची, आपल्याच सेटिंगची पाच मिनिटांची फाइल सोबत न्या. दुकानात ती चालवून, आपले नेहमीचे इफेक्ट लावून रेंडर करा, टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि निघालेली फाइल मोठ्या पडद्यावर बघा. दुकानदाराने वेळ दिला नाही तर तसं मशीन असलेल्या जवळच्या स्टुडिओत जा. आपल्या धंद्यात अजून कुणी कुणाला दारातून परत पाठवत नाही. हे केल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका.